दूध आधी, शर्यत नंतर

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. हसू नका. भोपळा म्हटलं की तुम्हाला परीक्षेतले गुण आठवतात, हे मला ठाऊक आहे. पण मी तसला नाही, आणि भाजीचाही नाही. मी दुधाचा भोपळा आहे. आमच्या डोंगरावर दूध आंबवायचं ते माझ्यासारख्याच्या पोटात. चांगल्या भोपळ्याला इथे घरातल्या माणसाइतका मान असतो. निदान पूर्वी तरी असायचा.

माझा जन्म कापचेलाल गावात, तापकिगेनच्या गोठ्याच्या कुंपणावर झाला. वेलावर आम्ही सात भावंडं होतो. दोघांना माकडांनी फोडलं, एकाला कीड लागली, दोघं वाकडी निघाली म्हणून त्यांच्या पळ्या झाल्या. उरलेल्या दोघांना तापकिगेन रोज येऊन टिचकी मारून बघायची. एक दिवस तिने माझ्यावर हात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "हा घरात राहील. ह्याची मान बघ कशी सरळ आहे." त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं असं म्हणा ना.

घडणं मात्र सोपं नव्हतं. मी वाळल्यावर तिने माझं डोकं कापलं, पोटात पाणी भरून आठ दिवस ठेवलं आणि सडलेला गर काठीने खरवडून काढला. मग जंगलातल्या एका ठरावीक झाडाची फांदी पेटवून तिच्या जळक्या टोकाने मला आतून घासलं. ह्या कोळशानेच आमचं दूध टिकतं, त्याला राखाडी रंग येतो आणि धुराचा खमंग वास लागतो. शेवटी कातड्याचं झाकण आलं आणि गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची पट्टी. शेताच्या बांधावर बसून ती पट्टी ओवता ओवताच तापकिगेनला कळा सुरू झाल्या. घरापर्यंत पोचायलाही वेळ मिळाला नाही. बांधावरच मुलगी झाली, म्हणून तिचं नाव ठेवलं चेसांग, म्हणजे बाहेर जन्मलेली. थोडक्यात काय, चेसांग आणि मी एका वयाचे. आज मी जी गोष्ट सांगतोय ती माझी आहेच, पण तिची जास्त आहे.

चेसांग धावते. आमच्याकडे सगळेच धावतात, पण ही जरा जास्तच. पाय तेच, तांबडा रस्ताही तोच. पण ती का धावते, हे मात्र दर काही वर्षांनी बदलत गेलं. भिंतीवर टांगलेल्याला हे बदल बरे दिसतात, कारण त्याला दुसरं काही काम नसतं.

लहानपणी कारण अगदी साधं होतं. सकाळी गाईंचं आवरण्यात उशीर व्हायचा, शाळा दोन टेकड्या पलीकडे, आणि उशिरा गेलं की छडी. तापकिगेन ओरडायची, "अगं, दम घे! मागे काय बिबट्या लागलाय का?"

"बिबट्या परवडला, आई. आमचे गुरुजी नाही परवडत!" असं म्हणेपर्यंत ती कुंपणाबाहेर असायची.

सतराव्या वर्षी ती धावपटूंच्या छावणीत राहायला गेली. आता तिला आईच्या घरावर पत्रा घालायचा होता. दोन वर्षांत घातला. लोक बघायला आले. मला त्या पत्र्याचा पावसातला आवाज आजही सोसत नाही, पण तापकिगेन मात्र पाऊस आला की हातातलं काम टाकून तो ऐकत बसायची, म्हणून मी कधी कुरकुर केली नाही.

चोविसाव्या वर्षी चेसांग पहिल्यांदा परदेशी मॅरेथॉनला निघाली. आता इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळा घोळ तिथेच झाला. आमचं दूध एका दिवसात होत नाही. भरल्यापासून दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे कुणी शर्यतीहून परत आल्यावर दूध द्यायचं असेल, तर ते शर्यतीच्या आधीच भरावं लागतं. तर निघायच्या आधी चेसांग आईच्या पाया पडायला आली, तेव्हा तापकिगेन मला भरत होती.

"आई, आत्ताच भरतेस? आणि मी हरले तर?"

"तर काय?" तापकिगेन म्हणाली. तिच्या तोंडात झाकणाची वादी होती. वादी बांधून होईपर्यंत गाडी येऊन थांबली आणि बोलणं तिथेच तुटलं. ती वादी तोंडातून काढून बाई सरळ दोन शब्द बोलली असती, तर पुढचं रामायण घडलं नसतं.

ती जिंकली. जिंकून आलेल्याला आमच्याकडे उतरल्या उतरल्या दूध पाजतात, त्यामुळे विमानतळावर ही गर्दी! बायका गात होत्या, ढोल होता, फोटोवाले होते. तापकिगेन मला मांडीवर घेऊन चार तास मताटूत, म्हणजे खच्चून भरलेल्या भाड्याच्या गाडीत, बसून आली होती. खड्ड्यांनी माझं पोट नुसतं ढवळून निघालं. कुणी एक साहेब पुढे आले, माझ्यावर झडप घातली आणि फोटोसाठी मला असं उलटं केलं, की अर्धं दूध चेसांगच्या नव्या कोऱ्या जाकिटावर. ती हसत होती, ओठांना राखाडी मिशी आली होती आणि लोक ओरडत होते. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार चढली. मी फुगलो. मला वाटलं, हे सगळं माझ्याचसाठी चाललंय.

त्यानंतर ती पाच वेळा जिंकली आणि पाच वेळा मी विमानतळावर गेलो. आता तिला नाव हवं होतं. एकदा ती आईला म्हणाली, "पस्तीस किलोमीटर झाले ना, की पाय ऐकेनासे होतात. तेव्हा मला तो भोपळा दिसतो. दूध भरून ठेवलंय, मग हरून कसं चालेल? तिथून मी त्याच्याच जोरावर येते." तापकिगेन हसली. तिला वाटलं, पोरगी लाडात बोलतेय. मलाही तसंच वाटलं. त्या बोलण्यात किती भीती होती, हे आम्हा दोघांच्याही टाळक्यात शिरलं नाही.

मग लग्न झालं, मुलगी झाली. लोक म्हणायला लागले, "आता कसली धावतेय! आता चूल आणि पाळणा." त्यावर चिडून ती धावली. दोन वर्षं नुसत्या रागावर धावली आणि एकदा जिंकलीसुद्धा. रागाने पाय हलतात, हे मी तेव्हा पाहिलं. पण रागावर धावणारं माणूस घरी येऊन कुणाशी धड बोलत नाही, हेही पाहिलं.

आणि तेहतिसाव्या वर्षी ती हरली. आठवी आली. जगात आठवी म्हणजे काय कमी आहे का? पण विमानतळावर कुणी गेलं नाही. तापकिगेन तापाने अंथरुणावर होती, आणि बाकीचे जातात ते जिंकलेल्यांसाठी. चेसांग एकटीच आली, मागच्या वाटेने छावणीत गेली आणि बारा दिवस आईच्या दारात फिरकली नाही. माझ्या पोटातलं दूध वाट बघून बघून इतकं आंबलं की झाकण उडालं. तेराव्या दिवशी ती आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आई, यापुढे माझ्यासाठी दूध भरू नकोस."

"का गं?"

"दडपण येतं."

तापकिगेनने मला धुतलं, उन्हात वाळवलं आणि दाराआड खुंटीला टांगलं. ती फार दुखावली होती. पण आमच्याकडच्या आया दुखावल्या की भांडत नाहीत, भांडी घासतात. पुढच्याच आठवड्यात घरात प्लॅस्टिकचा पिवळा डबा आला. त्याला ना मान, ना मणी, ना वास. तरी सगळं दूध त्याच्यात. मी दाराआडून बघत राहिलो. पाच वर्षं. गळ्यातले मणी एकेक करून गळाले, आणि एका कोळ्याने माझ्या तोंडावर संसार थाटला.

चेसांग अडतीस वर्षांची झाली. सकाळी रस्त्यावर एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींचा घोळका तिला मागे टाकताना ओरडायचा, "मावशी, जरा बाजूला!" बिचाऱ्या आदरानेच म्हणायच्या. पण तिला ते झोंबायचं. आता ती ना छपरासाठी धावत होती, ना नावासाठी, ना रागाने. आता ती नुसती भीतीने धावत होती. थांबलो तर आपण कोण, ह्या भीतीने. एका परदेशी मॅरेथॉनमध्ये तिला प्रवेश मिळाला होता आणि तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "ही शेवटची. ही जिंकून थांबणार."

त्या शर्यतीला दहा-बारा दिवस राहिले होते. गुरुवारी तापकिगेन बाजाराला गेली होती, तेव्हा चेसांग अंगणात आली आणि तिच्याबरोबर एक माणूस होता. लाबान त्याचं नाव. शहरात औषधांचं दुकान, पायांत पांढरे बूट. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे, पण तो डॉक्टर नव्हता. दाराआडून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"सहा बाटल्या आहेत," तो म्हणाला. "रोज एक. रक्तात असा जोर येतो की पोरी मागून बघत राहतील."

"आणि तपासणी?"

"माझ्या हिशेबाने घेतलंस तर काही सापडत नाही. अगं ताई, सगळे घेतात. तू एकटीच वेडी राहिलीस."

"मी कधी नाही घेतलं. वीस वर्षांत एकदाही नाही."

"म्हणूनच तर म्हणतो. वीस वर्षं फुकट का घालवतेस? शेवट तरी गोड कर."

तो गेला. चेसांग बाटल्या घेऊन दाराशी आली. छावणीत खोलीत तिघी-तिघी राहायच्या, आणि तिच्या स्वतःच्या घरी तपासणीवाले न सांगता कधीही टपकायचे. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर पडली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मित्रांनो, मी इतका वेडा की मला आनंद झाला! वाटलं, आठवण आली वाटतं. तिने कोळ्याचं जाळं पुसलं, झाकण उघडलं, आणि फडक्यात गुंडाळलेल्या त्या सहा बाटल्या आणि सुई माझ्या पोटात सोडून दिली. "रविवारी," ती पुटपुटली. "रविवारी प्रार्थनेनंतर ठरवीन."

जिथे आयुष्यभर दूध राहिलं तिथे आता हे. मला बोलता आलं असतं तर मी घसा फाडून ओरडलो असतो. पण भोपळ्याला घसा आहे, आवाज नाही.

आता तापकिगेनच्या मनात काय होतं ते ऐका. लेकीची ही शेवटची शर्यत, हे तिच्याही कानावर आलं होतं. शुक्रवारभर ती माझ्याकडे येता-जाता बघत होती. शनिवारी सकाळी ती स्वतःशीच म्हणाली, "नको म्हणाली तर म्हणू दे. शेवटचं भरते." आणि तिने मला खुंटीवरून काढलं. काढलं तर मी खुळखुळलो.

तिने फडकं बाहेर काढलं, बाटल्या पाहिल्या, सुई पाहिली. शिकलेली नव्हती ती. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका गाईला सुई टोचण्यात कुठल्याही डॉक्टरला हार जात नाहीत. तिची गाय चेप्तुई वासरू झाल्यापासून अशक्त होती, चार दिवस उठून उभी राहिली नव्हती. आणि गेल्याच आठवड्यात चेसांग म्हणाली होती, "काळजी करू नको आई, गाईचं मी काहीतरी बघते." तापकिगेनचा चेहरा उजळला. "बोलते कमी, पण लक्ष असतं हो पोरीचं," ती म्हणाली आणि सुई घेऊन गोठ्यात गेली.

रविवारी दुपारी चेसांग आली. आई चुलीपाशी होती. चेसांगने सहज फिरल्यासारखं करत माझं झाकण काढून आत हात घातला, आणि हात ओला झाला. मी धुतलेला होतो, कोळशाने घासलेला होतो, दुधाने अर्धा भरलेला होतो.

"आई!" तिचा आवाज चिरकला. "ह्याच्यात... ह्याच्यात काही होतं का?"

"होतं की. औषध. मिळालं मला."

"कुठे आहे ते?"

"कुठे असणार? गाईला टोचलं."

"किती?"

"सगळं. एवढीएवढीशी बाटली, आणि गाय बघ केवढी! एकीने काय होणार तिला? सहाच्या सहा टोचल्या."

"आई, तू चेप्तुईला सहा..."

"अगं, उठली ना पण! आज पहाटे उठून उभी राहिली. दाराशी जाऊन पाणी प्यायली. कुठून आणलंस गं हे औषध? शेजारच्या जेबिवोतलाही हवंय, तिची तांबडी लंगडतेय."

आता गाय औषधाने उठली, की जेबिवोत चार दिवस तिला मिठाचं पाणी पाजत होती त्याने उठली, हे मला विचारू नका. पण चेसांग दारातच खाली बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. "सुटले," ती म्हणत होती. "सुटले गं आई, सुटले." तापकिगेनला काही कळेना. गाय तर माझी उठली, ही का सुटली?

तेवढ्यात फोन वाजला. लाबान होता. सुरुवात केलीस का, असं विचारत असणार. मला खरी धाकधूक तेव्हाच वाटली. बाटल्या गेल्या म्हणून काय झालं? त्याच्याकडे आणखी होत्या. तिने एक 'हो' म्हटलं असतं की संध्याकाळपर्यंत आल्या असत्या. चेसांगने डोळे पुसले. तिने एकदा गोठ्याकडे पाहिलं.

"लाबान," ती म्हणाली, "औषध गाईला दिलं. गाय छान पळतेय. तूच तिला शर्यतीला घेऊन जा, आणि तिच्याबरोबर तूही पळ. आणि पुन्हा आमच्या अंगणात पांढरे बूट दिसले ना, तर शेणात बुडवीन." आणि तिने फोन बंद केला.

"गाई कोण शर्यतीला नेतं?" तापकिगेनने विचारलं.

पण चेसांग आता माझ्याकडे बघत होती. "आई, हे दूध कधीचं?"

"आज सकाळचं."

"कुठल्या गाईचं?"

"चेप्तुईचंच. जेमतेम निघालं, पण भरलं तेवढं."

चेसांगने मला उचललं, कुंपणापाशी नेलं आणि उपडं केलं. मित्रांनो, आमच्याकडे दूध मातीत ओतत नाहीत. मूल रागावलं तरी ओतत नाही, दारुडासुद्धा ओतत नाही. तापकिगेन चुलीपासून तरातरा उठून आली.

"दूध ओतलंस? माझ्या अंगणात, माझ्यादेखत? तुझ्या डोक्यात काय वारं शिरलंय का?"

"आई, ते औषध गाईचं नव्हतं."

"मग कुणाचं होतं?"

"माझं."

आणि मग तिने सगळं सांगितलं. लाबानचं, बाटल्यांचं, रविवारी ठरवणार होती त्याचं. असं औषध घेऊन जिंकणं म्हणजे चोरी, आणि सापडलं तर वीस वर्षांच्या सगळ्या शर्यतींवर लोक थुंकतील, हेही सांगितलं. ते औषध गाईच्या दुधातही उतरलेलं असेल म्हणून दूध ओतलं, तेही सांगितलं. बोलताना ती आईकडे बघत नव्हती. माझ्या मोकळ्या तोंडाकडे बघत होती. मला कळत होतं, तिला शर्यतीची नाही, ह्या म्हातारीची भीती वाटत होती. आईने आता तोंड फिरवलं असतं, तर चेसांग कायमची मोडली असती.

तापकिगेनने मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि कुंपणाला टेकवलं. मग म्हणाली, "एवढं कशासाठी गं?"

"तुझ्या दुधासाठी," चेसांग म्हणाली. "तू आधीच भरून ठेवायचीस. मी जिंकणारच, असं धरून चालायचीस. हरून ते कसं पिऊ? एकदा हरले तर तुझ्या दाराशी यायचीसुद्धा लाज वाटली मला."

"थांब, थांब." म्हातारीने दोन्ही हात वर केले. "कोण म्हणालं तुला, मी जिंकण्यासाठी भरते?"

"म्हणजे?"

"अगं वेडे, तू लांब जातेस म्हणून भरते! लांबून आलेल्या माणसाच्या तोंडाला आधी घरचं दूध लागलं पाहिजे. तुझा बाप गुरं घेऊन खाली दरीत जायचा, महिना महिना यायचा नाही, तेव्हाही भरायचे. तो काय शर्यत जिंकून यायचा? दोन गुरं हरवून यायचा मेला! तरी प्यायचा." तिला रडूही येत होतं आणि रागही. "विमानतळावर ढोल घेऊन लोक जिंकलेल्यांसाठी येतात, तो त्यांचा कारभार. मला तुमचं पहिलं-दुसरं कधी कळलंय का? तेरा दिवस माझं दूध आंबत राहिलं, आणि मला वाटलं, पोरीला आता माझ्या हातचं नको झालं."

चौदा वर्षं, मित्रांनो! एकीने एका कारणाने भरलं आणि दुसरी भलत्याच कारणाने धावली. आणि मी? मी मधल्या मध्ये फुगून बसलो होतो. मला माझीच लाज वाटली. पण त्याहून जास्त हलकं वाटलं. मण्यांची पट्टी कुणी ढिली केल्यासारखं.

मग म्हातारी एकदम कामाला लागली. जेबिवोतच्या घरी जाऊन तिच्या चांगल्या गाईचं दूध घेऊन आली. मला पुन्हा धुतलं, पुन्हा फांदी पेटवली, इतकं घासलं, इतकं घासलं, की मी म्हटलं, बाई, पोट शाबूत ठेव.

"चेप्तुईचं दूध मात्र महिनाभर कुणी पिऊ नका," चेसांग म्हणाली.

"आणि वासरू?"

"वासराला कोण तपासायला येतंय, आई!"

किती दिवसांनी त्या घरात दोघी मिळून हसल्या.

चेसांग शर्यतीला गेली. तिथे मी नव्हतो. पण तिने नंतर आईला सांगितलं ते मी ऐकलं. पहिल्या दहा किलोमीटरमध्येच पोरी पुढे निघून गेल्या. तिला वाटलं, आता तीच भीती येणार. आली नाही. मग तिने पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. त्या शहरात तिने चार वेळा शर्यत केली होती आणि तिथे नदी आहे हे तिला माहीतच नव्हतं. एका म्हातारबाबांनी घरासमोर खुर्ची टाकून टाळ्या वाजवल्या, तिने त्यांना हात केला. पस्तीस किलोमीटरला पाय नेहमीसारखेच संपावर गेले. "तेव्हा मी काय केलं सांगू?" ती म्हणाली. "त्यांना म्हटलं, चला रे, घरी जायचंय. आणि आले की लेकाचे!" ती एकोणिसावी आली.

तापकिगेन मला मांडीवर घेऊन विमानतळावर गेली. त्याच विमानाने दुसरीकडच्या शर्यतीत पहिली आलेली कुणी एक पोरगी येत होती, म्हणून ढोल होते, फोटोवाले होते आणि धक्काबुक्की होती. म्हातारी कोपराने वाट काढत सरळ पुढे जाऊन उभी राहिली. गळ्यात हार अडकवलेला एक माणूस म्हणाला, "आजी, मागे व्हा, जिंकलेल्यांच्या घरच्यांना पुढे येऊ द्या."

"मी पण घरचीच आहे. माझी लेक येतेय."

"असं का? तुमची कितवी आली?"

"कितवी काय?" म्हातारी म्हणाली. "आली."

आणि खरंच आली. दारातून बाहेर पडताना चेसांग मान खाली घालून मागच्या बाजूने निघाली होती. मग तिला आई दिसली, आईच्या हातात मी दिसलो. ती तिथल्या तिथे पिशवी टाकून धावली. आयुष्यभर मी तिला धावताना पाहिलंय, मित्रांनो, पण इतकी वाईट धावताना कधी पाहिलं नाही. दोन माणसांना धडकली, एक चप्पल निसटली. तिने मला दोन्ही हातांनी धरलं आणि घटाघटा प्यायली. कुणी फोटो काढला नाही.

आता ती सकाळी धावते, तेव्हा पोरींनी "मावशी" म्हटलं तर ओरडून सांगते, "पुढे जा, दम राखून जा, शेवटची चढण अजून यायचीय!" परवा आईने तिला विचारलं, "आता कशाला धावतेस?" ती म्हणाली, "सकाळी पाय मागतात." आजवरच्या कारणांमधलं मला हेच सगळ्यात आवडलं.

माझं काही फार दिवस राहिलेलं नाही. बुडाशी एक बारीक चीर गेलीय, ती तापकिगेनने दोऱ्याने शिवलीय. जुनी भांडी दाराआड रिकामी टांगून ठेवू नका, एवढीच माझी तुम्हाला विनंती. रिकाम्या पोटात नको ते येऊन बसतं. त्यांना वापरा, घासा, ऊन दाखवा. आणि तुमच्या घरातलं कुणी लांबून, दमून आलं, तर निकाल नंतर विचारा. आधी पाणी विचारा.